हरवलेले शब्द

गवयाचा गळा, शिल्पकाराचा हात, तशी नटाची वाणी. रूप, वेष, रंगभूषा, प्रकाशयोजना ही सारी तिची साथसंगत. लेखकाने लिहिलेले शब्द पाठ करावे, पचवावे आणि जणू आपल्याच अंतःकरणातून ते त्या क्षणी उमटत आहेत असे बोलून दाखवावे, हे नटाचे काम. ज्या नटीची सारी कीर्ती अशा वाणीवर उभी आहे, तिला एके दिवशी पेल्याला पेला म्हणतात हेही आठवेनासे झाले तर तिने काय करावे? पॅट्रिशिया नील या अमेरिकन अभिनेत्रीवर हा प्रसंग ओढवला, तेव्हा ती अवघी एकोणचाळीस वर्षांची होती.

पॅट्रिशियाचा जन्म २० जानेवारी १९२६ रोजी केंटकी राज्यातील पॅकर्ड नावाच्या लहानशा वस्तीत झाला. भोवताली कोळशाच्या खाणी आणि वस्तीतील बहुतेकांचे पोट त्या खाणींवर. तिचे वडीलही कोळशाच्याच कंपनीत नोकरीला होते. पुढे खाणींचे काम संपले आणि ती वस्तीही उजाड झाली. पॅट्रिशिया लहानाची मोठी झाली ती शेजारच्या टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल या शहरात. ती दहाएक वर्षांची असताना तेथील चर्चमध्ये एका बाईने एकपात्री प्रवेश करून दाखवला. एकटी बाई उभी राहून बोलते, आणि ऐकणारी माणसे तिच्या बोलण्यासरशी हसतात, हळहळतात, हे पाहून ती मुलगी थक्क झाली. त्या वर्षीच्या नाताळात इतर मुलांनी खेळणी आणि खाऊ मागितला असेल. हिने सांताक्लॉजला चिठ्ठी लिहिली, ती अभिनय शिकायला मिळावा म्हणून! घरच्यांनीही ती मनावर घेतली आणि तिला शिकवणी लावून दिली.

पुढे विद्यापीठात नाट्यकलेचे शिक्षण घेऊन ती न्यूयॉर्कला आली. १९४६ मध्ये लिलियन हेलमन या लेखिकेच्या 'अनदर पार्ट ऑफ द फॉरेस्ट' या नाटकात तिला महत्त्वाची भूमिका मिळाली. रंगभूमीवरील उत्कृष्ट कामगिरीबद्दल अमेरिकेत दिले जाणारे टोनी पारितोषिक १९४७ मध्ये प्रथमच देण्यात आले, आणि त्या पहिल्याच मानकऱ्यांत एकवीस वर्षांची पॅट्रिशिया होती. चित्रपटसृष्टीने तिला बोलावून घेतले. तिचा आवाज खोल आणि किंचित घोगरा होता. एकदा ऐकलेला तो आवाज प्रेक्षक विसरत नसत.

तिचे सारेच चित्रपट चांगले होते असे नाही. परंतु १९५१ सालचा 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' हा चित्रपट येथे मुद्दाम सांगण्यासारखा आहे. परग्रहावरून एक पाहुणा आपल्या अजस्र यंत्रमानवासह पृथ्वीवर उतरतो. माणसे भयाने त्याच्यावर गोळ्या झाडतात. आता हा यंत्रमानव खवळला तर पृथ्वीची धडगत नाही. त्याला आवरण्याचा उपाय एकच. पाहुण्याने शिकवलेले त्याच्या भाषेतील तीन शब्द नायिकेने त्याच्यासमोर अचूक उच्चारायचे. ते शब्द कानाला असे विचित्र होते, की चित्रीकरणाच्या वेळी पॅट्रिशियाला हसू आवरणे कठीण जाई. शब्द आठवला नाही तर केवढा अनर्थ होतो, हा त्या वेळी तिच्या लेखी केवळ कथेतला प्रसंग होता.

१९६३ मध्ये 'हड' या चित्रपटात तिने गुरांच्या वाड्यावर घरकाम सांभाळणाऱ्या एका कष्टाळू, स्वाभिमानी स्त्रीची भूमिका केली. भूमिका फार मोठी नव्हती. तरी त्या वर्षीच्या सर्वोत्तम अभिनेत्रीचे ऑस्कर पारितोषिक तिलाच मिळाले. एप्रिल १९६४ मध्ये तो समारंभ झाला तेव्हा ती मात्र इंग्लंडमधील आपल्या घरी होती.

हे घर होते ग्रेट मिसेंडन नावाच्या खेड्यात. १९५३ मध्ये तिचा विवाह रोआल्ड डाल या लेखकाशी झाला होता. 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' या पुस्तकामुळे जगभरची मुले पुढे ज्याला ओळखू लागली, तोच हा डाल. या घरावर थोड्याच वर्षांत दोन आघात झाले. डिसेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एका टॅक्सीने त्यांच्या तान्ह्या मुलाच्या, थिओच्या बाबागाडीला धडक दिली. बाळाच्या डोक्याला जबर मार लागून मेंदूभोवती पाणी साचू लागले. ते काढून देण्यासाठी बसवलेल्या नळीची झडप पुन:पुन्हा तुंबे. तेव्हा डालने स्टॅन्ली वेड हा यंत्रज्ञ आणि केनेथ टिल हे शल्यवैद्य यांना एकत्र आणले आणि तिघांनी मिळून न तुंबणारी नवी झडप तयार केली. थिओला तिची गरज पडली नाही, कारण तोवर तो बरा होऊ लागला होता. इतर देशोदेशींच्या मुलांना मात्र तिचा उपयोग झाला. दुसऱ्या आघातावर काहीच उपाय चालला नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये थोरली मुलगी ऑलिव्हिया गोवराने आजारी पडली, रोग मेंदूत उतरला आणि ती सात वर्षांची पोर गेली. गोवराची लस तेव्हा निघालेली नव्हती.

अशी दुःखे गिळून पॅट्रिशिया पुन्हा कामाला लागली होती. फेब्रुवारी १९६५ मध्ये ती एका नव्या चित्रपटासाठी सहकुटुंब लॉस एंजेलिस येथे राहत होती. १७ तारखेला दिवसभराचे चित्रीकरण आटोपून ती घरी आली आणि सायंकाळी मुलगी टेसा हिला न्हाऊ घालू लागली. एकाएकी तिच्या मस्तकात असह्य कळ उठली. डालने क्षणही न दवडता मेंदूच्या शल्यवैद्याला दूरध्वनी केला. ती रुग्णालयात पोहोचते न पोहोचते तोच तिची शुद्ध हरपली.

तिला झाले होते ते असे. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीची भिंत एखाद्या ठिकाणी दुबळी असली, तर रक्ताच्या दाबाने ती तेथे फुगते. सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगवटी येते, तसाच हा प्रकार. ती फुगवटी फुटली की रक्त मेंदूत पसरते आणि मेंदूच्या ज्या भागाला इजा होते, त्या भागाचे काम बंद पडते. पॅट्रिशियाच्या मेंदूत असा रक्तस्राव एकदा नव्हे, लागोपाठ तीनदा झाला. शल्यवैद्यांनी सात तासांहून अधिक वेळ शस्त्रक्रिया केली. त्यानंतर सुमारे तीन आठवडे ती बेशुद्ध होती. एका वृत्तपत्राने तर तिच्या निधनाची वार्ताही छापून टाकली! या साऱ्या काळात तिच्या पोटात तीन महिन्यांचे मूल होते.

ती शुद्धीवर आली, पण पूर्वीची पॅट्रिशिया कोठे होती? उजवा हात आणि उजवा पाय हलेनात. डोळ्यांना एकाच्या दोन वस्तू दिसत, म्हणून एका डोळ्यावर पट्टी बांधावी लागली. सर्वांत दारुण गोष्ट ही, की तिची वाणी गेली. शरीराच्या उजव्या बाजूचा कारभार मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाकडे असतो, आणि बहुतेक माणसांची भाषाही त्याच अर्ध्यात वसते. तेथे इजा झाली म्हणजे 'वाचाघात' होतो. वाचाघात झालेला मनुष्य वेडा नसतो, मूर्खही नसतो. समोरचा पेला त्याला दिसतो, त्यातले पाणी प्यायचे असते, हे सारे त्याला कळते. पण 'पेला' हा शब्द काही केल्या सापडत नाही. तुम्हां-आम्हांलाही एखादे नाव ओठांवर येऊन अडते आणि जीव कासावीस होतो. पॅट्रिशियाला प्रत्येक वस्तूचे नाव असे अडू लागले. ती धडपडून काही बोले, ते भलतेच निघे. कधी जगातल्या कोणत्याच भाषेत नाहीत असे शब्द तिच्या तोंडून बाहेर पडत. वाचता येईना, लिहिता येईना. आपल्या मुलांची नावेही तिला आठवेनात.

मे महिन्यात तिला ग्रेट मिसेंडन येथे परत आणले. पायाला लोखंडी आधार, डोळ्यावर पट्टी, आणि बोलणे जवळजवळ नाहीच. ऑगस्टमध्ये तिला मुलगी झाली. लूसी नावाची ती मुलगी सर्वांगी सुदृढ होती. तरी पॅट्रिशियाच्या मनावरचे मळभ जाईना. ती तासन्‌तास खुर्चीत बसून राही.

शब्द परत मिळवून देणारे वाचोपचारतज्ज्ञ होते. पण त्यांची शिकवणी मिळायची ती मोजके तासच. उरलेल्या साऱ्या वेळात रुग्णाने काय करायचे? डालला वाटले, आजारापेक्षा हे रिकामपणच हिचा घात करील. म्हणून त्याने एक विलक्षण बेत केला. त्याने आपल्या शेजाऱ्यांना मदतीला बोलावले. त्यांच्यापैकी कोणीही वैद्य किंवा परिचारिका नव्हते. ती खेड्यातली साधी माणसे होती. प्रत्येकाने ठरलेल्या वेळी यायचे, तासभर पॅट्रिशियाबरोबर बसायचे आणि तिला शिकवायचे. एक गेला की दुसऱ्याने यायचे. असे दिवसाचे सुमारे सहा तास वर्ग भरू लागले. नामांकित अभिनेत्री पुन्हा मुळाक्षरांपासून विद्यार्थिनी झाली!

शिकवायचे तरी काय? लहान मुलांची पुस्तके वाचायची, सोप्या बेरजा-वजाबाक्या करायच्या, शब्दकोडी सोडवायची, चित्रांचे तुकडे जुळवायचे, पत्ते खेळायचे. कालचा आलेला शब्द आज पुन्हा पळून जाई. शिकवणाऱ्यांनाही कधी हात टेकावेसे वाटत. त्यांच्यापैकी व्हॅलेरी ईटन ग्रिफिथ या बाईंनी मात्र हे काम अंगावरच घेतले. पॅट्रिशिया रोज त्यांच्याकडे जाऊ लागली. ग्रिफिथबाईंच्या हळूहळू ध्यानात आले, की शिकणाऱ्याला ज्यात गोडी आहे तेथूनच आरंभ केला पाहिजे. मोठ्या माणसाला तान्ह्या मुलासारखे वागवले तर ते मनातून मिटून जाते. चुकीच्या शब्दावर हसायचे, पण दोघींनी मिळून; शब्द अडला की चट्‌दिशी सांगून टाकायचा नाही, आणि रुग्ण रडकुंडीला येईपर्यंत ताणायचेही नाही. यातली मर्यादा ओळखणे हीच खरी विद्या, आणि ती त्या बाईंनी कोणत्याही ग्रंथावाचून मिळवली.

डालची रीत याहून कठोर होती. पॅट्रिशियाला एखादी वस्तू हवी असली, तर तिचे नाव घेतल्यावाचून तो ती देत नसे. आलेगेलेल्यांना हे पाहवत नसे. आजारी बायकोला कोणी असे छळते काय, असे ते म्हणत. त्याचे म्हणणे असे, की हिची कीव केली तर ही आहे तेथेच राहील. मेंदूचा शाबूत राहिलेला भाग सरावाने गेलेली कामे काही अंशी नव्याने शिकू शकतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा भरपूर सरावाचा त्याचा आग्रह बरोबरच होता. तथापि त्यासाठी इतके कठोर व्हायला हवे होते काय, याविषयी दुमत होऊ शकते. पॅट्रिशियाने स्वतः त्या दिवसांत त्याचा मनस्वी राग केला, आणि तो तिने पुढे कोणापासून लपवलाही नाही.

हे शिक्षण सुरू होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, तोच डालने तिच्या वतीने एक निमंत्रण स्वीकारून टाकले. मेंदूला इजा झालेल्या मुलांच्या मदतीसाठी मार्च १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया या मोठ्या हॉटेलात भोजनसमारंभ व्हायचा होता, आणि तेथे पॅट्रिशियाने भाषण करायचे होते. ते ऐकून तिच्या तोंडचे पाणी पळाले. भाषण डालने लिहिले. ग्रिफिथबाईंनी ते तिच्याकडून दिवसेंदिवस घोटून घेतले. समारंभाच्या रात्री ती उभी राहिली. समोर रंगभूमीवरील आणि चित्रपटांतील तिचे जुने सोबती बसले होते. ती बोलू लागली. तोच खोल, घोगरा आवाज! भाषण संपले तेव्हा सारे सभागृह उभे राहून टाळ्या वाजवीत होते. आपल्याला पुन्हा खोल पाण्यात ढकलणारा नवरा निर्दय वाटला खरा, पण आपली जागा त्या पाण्यातच होती, हे तिला त्या रात्री उमगले.

पाठोपाठ १९६८ मध्ये 'द सब्जेक्ट वॉज रोझेस' हा चित्रपट आला. युद्धावरून परतलेला मुलगा आणि त्याचे एकमेकांशी न पटणारे आईबाप, अशी ती कथा. आईची भूमिका पॅट्रिशियाची. निरोगी नटीलाही पाठ करायला जड जावीत अशी वाक्ये त्यात होती. एकेक ओळ तिने ग्रिफिथबाईंच्या साहाय्याने बसवली. पाठ झालेली वाक्ये कॅमेऱ्यासमोर निसटून जात, की मग पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ. त्या भूमिकेसाठी ऑस्कर पारितोषिकाच्या नामावळीत तिचे नाव आले. पारितोषिक मिळाले नाही. तरी पडद्यावरील त्या आईकडे पाहताना, हिला तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या मुलांची नावे घेता येत नव्हती, हे कोणाला खरे वाटले नसते. ती पूर्ववत मात्र कधीच झाली नाही. चाल किंचित लंगडी राहिली, दृष्टीत उणेपण राहिले, आणि पाठांतराची भीती तर कायमचीच.

ग्रेट मिसेंडनच्या शेजाऱ्यांनी केलेला प्रयोग त्या खेड्यापुरता राहिला नाही. पॅट्रिशियाच्या बातम्या वाचून पक्षाघाताच्या कितीतरी रुग्णांच्या घरांतून पत्रे येऊ लागली. आमच्या माणसासाठी आम्ही काय करावे, हाच बहुतेक पत्रांतला प्रश्न असे. त्याचे उत्तर म्हणून ग्रिफिथबाईंनी अनुभवाच्या आधारे एक पुस्तक लिहिले. ते १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्यांच्याच प्रयत्नांतून ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांची एक योजना उभी राहिली, आणि वाचा गेलेल्या रुग्णांच्या घरी साधी माणसे शब्द शिकवायला जाऊ लागली.

पॅट्रिशियाही गप्प बसली नाही. पक्षाघात झालेल्या माणसाला घरातले लोक पुष्कळदा लपवून ठेवतात. आता याच्याकडून काही व्हायचे नाही असे समजून त्याला कोपऱ्यात बसवतात. ती मात्र आपले आजारपण घेऊन सभासभांतून लोकांपुढे उभी राहू लागली. बोलताना शब्द अडला, तर तोही लोकांना दिसे. १९७८ मध्ये नॉक्सव्हिलच्या फोर्ट सँडर्स रुग्णालयात पक्षाघात आणि मेंदूची इजा यांतून उठलेल्या रुग्णांसाठी एक पुनर्वसन केंद्र उघडले. त्याला पॅट्रिशिया नीलचे नाव देण्यात आले. अभिनय शिकण्यासाठी सांताक्लॉजला चिठ्ठी लिहिणारी मुलगी ज्या गावात वाढली, त्याच गावात तिच्या नावाचे हे केंद्र झाले. केवळ नावापुरतीच ती त्याच्याशी बांधलेली नव्हती. ती वेळोवेळी तेथे येई आणि रुग्णांना भेटे. शब्द अडलेल्या माणसाशी कसे बोलावे, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

१९८३ मध्ये तिचा आणि डालचा संसार मोडला. त्या कठीण काळात कनेटिकट राज्यातील जोगिणींच्या एका मठात तिला आसरा मिळाला. तेथे तिला आपल्या आयुष्याचा वृत्तान्त लिहिण्यास उत्तेजन देण्यात आले. जिच्या स्मरणाच्या भिंतीला एवढे मोठे भगदाड पडले होते, तिने आत्मचरित्र लिहावे, ही काही सोपी गोष्ट नव्हे. रिचर्ड डिन्यूट या लेखकाच्या साहाय्याने तिने ते पुरे केले आणि १९८८ मध्ये 'अ‍ॅज आय अ‍ॅम' या नावाने ते प्रसिद्ध झाले. 'मी आहे तशी' असे त्या नावाचे मराठी करता येईल. नावाप्रमाणेच त्यात तिने स्वतःला मोठे करून दाखवले नाही. रुग्णालयातील दिवसांतला संताप, निराशा, जगणे नकोसे वाटण्याचे क्षण, नवऱ्यावरचा राग आणि त्याचे उपकार, सारे तिने त्यात मांडले. प्रसिद्ध माणसांच्या आत्मचरित्रांत असा मोकळेपणा नेहमी आढळतोच असे नाही.

त्यानंतरही ती अधूनमधून चित्रपटांत काम करीत राहिली. १९९९ मध्ये, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, 'कुकीज फॉर्च्यून' या चित्रपटात तिने एका एकाकी, तऱ्हेवाईक वृद्धेची भूमिका केली. ८ ऑगस्ट २०१० रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, तिचे निधन झाले. ज्या मठात तिला आत्मचरित्र लिहिण्याचे बळ मिळाले, तेथेच तिला चिरविश्रांती देण्यात आली. नॉक्सव्हिलचे केंद्र तिच्या पश्चातही चालू राहिले. तेथे आलेल्या रुग्णांना उभे राहणे, चालणे, घास गिळणे, गुंडी लावणे आणि बोलणे, एकेक गोष्ट पुन्हा पहिल्यापासून शिकवली जाते.